दाफीचा एक दिवस

मेघालयात जाऊन आलो असं सांगितलं की सोलापुरातला माणूस आधी विचारतो, "थंडी लई होती का?" आणि मग म्हणतो, "जेवणाचे हाल झाले असतील की." थंडी होती. जेवणाचे हाल झाले नाहीत. हाल झाले ते दाफी नावाच्या दहा वर्षांच्या एका मुलीचे, आणि ते केले मी. एरवी प्रवासातल्या माझ्या फजित्या मी चहाच्या गाड्यावर तिखटमीठ लावून सांगतो, लोक पोट धरून हसतात, चहाचे पैसेही तेच देतात. ही गोष्ट मात्र दोनदा सांगायला घेतली आणि दोन्ही वेळा मधेच थांबलो. लिहिताना निदान कुणी "मग पुढं?" म्हणून तोंडाकडं बघत बसत नाही.

निघण्याआधी

मी कुंभारीजवळच्या एका शाळेत पाचवीला शिकवतो. वर्गातल्या निम्म्या पोरांच्या आया विड्या वळतात. पोरं घरी तेलुगू बोलतात, गल्लीत दखनी, शाळेत मराठी आणि मारामारीत तिन्ही. ‘इतर ठिकाणची मुलं दिवसभर काय करतात’ हा माझा आवडता भाग. गेल्या वर्षी बर्फातल्या मुलांबद्दल सांगताना मी इतका रंगात आलो, की बाहेर ऑक्टोबरचं ऊन तापलेलं असताना दोन्ही हात काखेत घालून कुडकुडून दाखवलं.

श्रावणी उठून उभी राहिली. ही पोरगी वर्गात क्वचित बोलते, पण बोलली की माझी पंचाईत होते.

"सर, तुमी बघितलंय का हे?"

"पुस्तकात दिलंय ना."

"पुस्तकातलं न्हाय. तुमी बघितलंय का?"

मागच्या बाकावरून सोहेल म्हणाला, "सरांनी करमाळ्याच्या पुढचं काय बघितलंच न्हाय!"

वर्ग खदखदून हसला. मीही हसलो, कारण खरंच होतं ते. करमाळा माझी सासुरवाडी.

पण ते लागलं. आधी एका ऑनलाइन प्रशिक्षणात मेघालयातल्या एका शिक्षिकेची ओळख झाली होती. दिवाळीच्या सुट्टीत तिच्या गावी जायचं मी ठरवलं. तिथल्या एका मुलाचा उठल्यापासून झोपेपर्यंतचा सबंध दिवस मोबाइलवर टिपायचा आणि वर्गात दाखवायचा. ही बातमी फुटल्यावर पोरांनी प्रश्नांचा भडिमार केला. तिकडं मास्तर मारतात का? शाळेत जाताना कुत्री मागं लागतात का? तिकडच्या पोरांना पावसाळ्यात सुट्टी की उन्हाळ्यात? सोहेलला एवढंच हवं होतं, "सर, तितं पोरांना घरची कामं करावी लागतात का, बघून या."

बायकोनं कडक भाकरी, शेंगाचटणी आणि "तिथं तरी शहाण्यासारखं वागा" असा सल्ला बांधून दिला. पहिल्या दोन वस्तू मी संपवल्या.

बाजार

गाडी, विमानतळ, रांगा यांचं वर्णन वाचून कुणाचं भलं झालेलं नाही. एका शनिवारी दुपारी मी खासी टेकड्यांमधल्या एका बाजारात उतरलो. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. तिथली माणसं भिडस्त आहेत, त्यांना माझ्यासारखे आणखी पाहुणे नकोत.

ती शिक्षिका, काँग मेरी, मला घ्यायला आली होती. ‘काँग’ म्हणजे आपल्याकडची ताई. गोल चेहरा, चौकड्यांचं वस्त्र खांद्यावर गाठ मारून बांधलेलं, आणि टीव्हीवरून शिकलेलं हिंदी. त्या हिंदीत बाईमाणूस नव्हतंच, सगळे पुरुष. शेजारी तिची भाची दाफी उभी होती. मी हात पुढं केला तर ती मावशीच्या मागं गेली आणि तिथून माझे बूट बघत राहिली.

बाजार पाहून मला नातेपुत्याच्या बाजाराची आठवण झाली. फक्त कुणी ओरडत नव्हतं. तेजपत्त्याचे भारे, झाडूच्या गवताच्या पेंढ्या, सुकी मासळी, संत्री आणि प्रत्येक ढिगामागं बाई. पुरुष भारे उचलत होते आणि भाव बायका ठरवत होत्या. काँग मेरीनं मला क्वाय दिलं. क्वाय म्हणजे ओली सुपारी, पान आणि चुना. पाहुण्याला तिथं चहाच्या आधी हेच देतात. सोलापूरचा माणूस पानाला कशाला घाबरेल? तोंडात टाकलं. दोन मिनिटांत कान तापले, कपाळाला घाम फुटला आणि सगळा बाजार किंचित डावीकडं कलला. मी तेजपत्त्याच्या भाऱ्यावर बसलो. ज्या बाईचा भारा होता तिनं मला पाणी दिलं. दाफी तोंडावर हात ठेवून हसत होती. आमची ओळख झाली ती अशी.

वर गावाकडं जायला बाजाराच्या दिवशी सुमो असतात. त्यात माणसं, कोंबड्या आणि भाजी एकाच न्यायानं भरतात. माझ्या मांडीवर कुणाचीतरी पिशवी होती आणि पिशवीवर दाफी. काँग मेरी म्हणाली, "सर, अगला बाजार को इसका मम्मी आएगा."

दाफीची आई गुवाहाटीला एका दवाखान्यात आयाचं काम करते. उन्हाळ्यापासून तिला सुट्टी मिळालेली नव्हती. आता एका दिवसाची मिळाली होती. तेवढ्यात डोंगर चढून गावात येणं आणि परत जाणं जमत नाही, म्हणून ती खाली बाजारापर्यंत येणार, तिथं लेकीला भेटणार आणि दुपारच्या गाडीनं परतणार. दाफीला हिंदी फारसं येत नव्हतं, पण ‘मम्मी’ शब्द ऐकल्यावर तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. पाहुण्याला हे नीट कळलं ना, याची खात्री करून घेतल्यासारखं.

दाफीचा दिवस, खरा आणि माझा

दुसरा दिवस रविवार. सगळं गाव चर्चमध्ये. दुकान बंद, शेत बंद, रस्त्यावर फक्त मी आणि एक डुक्कर. काँग मेरी म्हणाली, "Sunday को इधर कुछ नहीं होता, सर." हे मी कानांनी ऐकलं आणि डोळ्यांनी बघितलं. लक्षात ठेवा, कारण मी ठेवलं नाही.

सोमवारपासून मी दाफीच्या मागं लागलो. माझ्या मनात चित्र तयार होतं. धुकं, झरा, पाठीवर बांबूची निमुळती टोपली, कपाळावर तिचा पट्टा. दाफी उठली, तिनं घराबाहेरच्या नळावर तोंड धुतलं, लाल चहाबरोबर तांदळाची पांढरी घावनासारखी भाकरी खाल्ली, हिंदी कार्टून बघितलं, ते बघताना एक मोजा उलटा घातला, मावशीच्या ओरडण्यावर तो सुलटा केला आणि शाळेत गेली. दुपारी नूडल्स. संध्याकाळी पोरांबरोबर फुटबॉल. रात्री गृहपाठ आणि जांभया.

मी निराश झालो. हे तर आमच्या विडी कामगारांच्या घरकुलातही चालतं! यासाठी मी करमाळा ओलांडला होता का?

एक गोष्ट मात्र वेगळी सापडली. मी दाफीला पूर्ण नाव विचारलं. तिनं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं. मी वाट बघत राहिलो. आमच्या हजेरीत पोराच्या नावाला बापाचं नाव चिकटलेलं असतं, तो घरी असो वा नसो. काँग मेरीनं सांगितलं, आडनाव आईकडून येतं, मधे कुणी नसतं. आई परगावी असली तर मूल मावशीकडं वाढतं, त्यात कुणाला काही विचारावंसं वाटत नाही. यावर एक सबंध तास घेता आला असता. पण ते कॅमेऱ्यात कसं दिसणार? मला टोपली हवी होती.

मग मी दाफीचा दिवस दुरुस्त करायला घेतला. काँग मेरीच्या माळ्यावरून जुनी टोपली काढली. "सर, इसमें अभी हम मुर्गी रखता है," ती म्हणाली. कोंबडीला बाहेर काढलं. घराबाहेर नळ असताना मी दाफीला खालच्या ओढ्यावरून पाणी आणायला लावायचं ठरवलं. पोरीनं काँगला खासीत काहीतरी विचारलं. काँग हसून म्हणाली, "पूछता है, सर के घर में नल नहीं है क्या?"

बुधवारी एक नवी विद्या मिळाली. मी सहज म्हणालो, तुमचा बाजार शनिवारचा ना? काँग म्हणाली, नाही, बाजार दर आठव्या दिवशी. आज जो वार, पुढच्या वेळी त्याच्या पुढचा वार. इथं बाजाराचा आठवडा आठ दिवसांचा. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! आमच्याकडं मंगळवारचा बाजार म्हणजे जन्मभर मंगळवार. मी बोटांवर मोजलं. गेला बाजार शनिवारी, म्हणजे पुढचा रविवारी. ज्ञान झालं की ते कुणाला सांगण्याआधी वापरून टाकायचं, ही माझी जुनी खोड.

"काँग, सुमोत कोंबून कशाला जायचं? बाजाराच्या दिवशी मी गाडी मागवतो. दाफीला मी घेऊन येतो." माझा डोळा अर्थातच माय-लेकींच्या भेटीवर होता. चित्रफितीचा शेवट त्याहून चांगला कुठून मिळणार?

काँगनं दाफीला सांगितलं. दाफी माझ्याकडं बघून पहिल्यांदा उघड हसली, तोंडावर हात न ठेवता.

खाली उतरून नेटवर्क मिळेल तिथं गेलो आणि शिलाँगच्या एका गाडीवाल्याला फोन केला. "Sunday को?" त्यानं विचारलं. "Sunday को उधर बाजार?"

मी त्याला समजावलं, "भाई, तुमको मालूम नहीं. आठ दिन का हिसाब होता है."

तो म्हणाला, "ठीक है, सर. आप बोलता है तो."

शनिवार

शनिवारी पहाटे जाग आली तेव्हा काँग मेरी घरात नव्हती. शेजारची घरंही रिकामी. गावात म्हातारी माणसं, कुत्री आणि आम्ही. मला फार बरं वाटलं. चित्रात मधेमधे कुणी येणार नाही.

दाफीला टोपली दिली, आत पाण्याची कळशी ठेवून. ती ओढ्यावर गेली आणि पाणी घेऊन पळत वर आली. पळत! मी ओरडलो, "हळू! धीरे, धीरे!" परत पाठवली. पुन्हा पळत आली. "कॅमेरे की तरफ नहीं देखना!" परत पाठवली. तिनं कुरकूर केली नाही. फक्त दर वेळी जास्त वेगानं आली. शेवटी एकदा जमलं. टोपली खाली ठेवली तशी ती घरात पळाली आणि काही वेळानं बाहेर आली ती ओळखू न येण्यासारखी. पिवळा फ्रॉक, पांढरे मोजे, ओल्या केसांचा भांग. मांडीवर संत्र्यांची पिशवी घेऊन पायरीवर बसली आणि रस्त्याकडं बघू लागली.

मला वाटलं, पोरीला आता शूटिंगची गोडी लागली. मी तेही टिपलं. वारा तिचे केस वाळवत होता, ती ते पुन्हापुन्हा कानामागं घालत होती. झकास! बराच वेळ टिपलं. मग म्हटलं, "बेटा, अब वो पहलेवाला कपड़ा पहनो. टोपलीवाला एक और बाकी है."

ती उठली नाही.

"सर, गाड़ी?"

"गाड़ी कल. कल बाजार."

"आज बाजार, सर."

मी हसलो. तिच्यासमोर उकिडवा बसलो आणि बोटं उघडली. गेला शनिवार सोडून रविवार एक, सोमवार दोन... तिच्याच गावचा बाजार मी तिला मोजून दाखवला. बरोबर आठ निघाले. रविवार.

दाफीनं माझ्या आठव्या बोटाकडं बघितलं. "Sunday चर्च," ती म्हणाली.

हिशेब रविवारवर आला की बाजार आदल्या दिवशी भरतो. हे तिथं तान्ह्या पोरालाही कळतं, म्हणून मला कुणी सांगितलं नव्हतं. कुंभारीच्या अडाणी हिशेबानं, शनिवारनंतर शनिवार असं मोजलं असतं, तरी बरोबर आलं असतं!

रस्ता

धावत खाली जाऊन नेटवर्क गाठलं. गाडीवाल्याला फोन लागला तेव्हा तो शिलाँगमध्ये कुणाच्यातरी लग्नाला गेला होता. सगळ्या सुमो पहाटेच खाली गेल्या होत्या. आम्ही चालत निघालो. दाफी पुढं, मी मागं, धापा टाकत. ती वळणावर थांबायची, मी दिसलो की पुढं जायची. पाहुण्याला टाकून पळायचं नाही, एवढं ती त्या अवस्थेतही पाळत होती. तिनं मला टाकलं असतं तर कदाचित पोचलीही असती.

दगडांचा एक ट्रक मिळाला. ड्रायव्हरनं आम्हाला केबिनमध्ये घेतलं, मला क्वाय देऊ केलं. मी नको म्हटलं.  दाफी संत्र्यांची पिशवी दोन्ही हातांनी धरून समोरच्या काचेतून बघत होती. प्रत्येक वळणावर जरा पुढं सरकायची, जणू तिच्या सरकण्यानं ट्रक लवकर पोचेल.

बाजार उठत होता. काँग मेरी उरलेल्या तेजपत्त्याचे भारे बांधत होती. आम्हाला बघून तिनं दोरी सोडली.

"सर, गाड़ी खराब हुआ क्या? वो बहुत रुका. दो गाड़ी छोड़ दिया. तीसरा में गया."

मी सगळं सांगितलं. काँगनं ऐकून घेतलं. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. "हमको बोलना था, सर," एवढंच म्हणाली, आणि ते कुणाला, मला की स्वतःला, कळलं नाही.

दाफी रडली नाही. तिनं पिशवी खाली ठेवली आणि मावशीनं सोडलेली दोरी उचलून भारा बांधू लागली. पिवळ्या फ्रॉकला पाल्याची धूळ लागत होती. मी मदतीला वाकलो तर तिनं माझ्या हाताखालून भारा हळूच काढून घेतला. खासी रीतीत पाहुण्याला काम सांगत नाहीत.

संध्याकाळी परतीच्या सुमोत, नेटवर्क जाण्याआधी, आईला फोन लागला. काँगनं तो दाफीला दिला. ती खासीत हळू आवाजात बरंच बोलली. मला एक अक्षर कळलं नाही. काँग शेजारी बसून खिडकीबाहेर बघत होती. फोन झाल्यावर मी विचारलं, "क्या बोला?" काँग म्हणाली, "कुछ नहीं, सर. मम्मी के साथ बात किया." दुसऱ्या दिवशी मी निघालो. माझी गाडी वेळेवर आली.

वर्ग

सुट्टीनंतर पोरांनी धिंगाणा घातला. "सर, दाखवा की! दाखवा की!" मी वर्गातल्या पडद्यावर टोपलीचं चित्रण लावलं नाही. दाफी पायरीवर बसलेली आहे, तेवढंच लावलं. पिवळा फ्रॉक, संत्री, वारा. बाकी सगळा माझा उद्योग होता. तिच्या दिवसातलं एवढंच खरं माझ्याकडं होतं.

मागची पोरं उठून पडद्याजवळ आली.

"कुणाची वाट बघतीय?" सोहेलनं विचारलं.

"गाडीची. आईला भेटायला जायचं होतं."

"मग आली का गाडी?"

मी सांगितलं. आठ दिवसांचा बाजार, रविवार, बोटं, ट्रक, सगळं. बोटं मोजल्याचं आलं तेव्हा पोरं हसली, मीही थोडं हसवलं. सवय जात नाही. श्रावणी हसली नाही.

"सर, तिच्या आईला कुणी सांगितलं?"

"काय?"

"की चूक तुमची हाय. न्हायतर आईला वाटंल की, पोरगी आलीच न्हाय म्हणून."

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. शप्पथ सांगतो. इतके दिवस मी दाफीचं वाईट वाटून घेत होतो, माझं त्याहून जास्त. पण दोन गाड्या सोडून तिसरीत बसलेल्या त्या बाईचं काय, हे एका पाचवीतल्या मुलीनं विचारावं लागलं.

मी तिथंच काँग मेरीला फोन लावला, नशिबानं ती नेटवर्कमध्ये होती, आणि दाफीच्या आईचा नंबर घेतला. काँग म्हणाली, "सर, रहने दो ना." मला तो तिचा मोठेपणा वाटला. पोरांनी "स्पीकरवर लावा, स्पीकरवर" केलं. मी लावलं.

फोन उचलला गेला. मी कोण ते सांगितलं.

"अरे, सर!" पातळ, घाईतला आवाज. "अच्छा हुआ आप फोन किया. उस दिन दाफी को बुखार कितना था? दीदी बोलता है थोड़ा था, पर दीदी तो सब में थोड़ा बोलता है. आप तो साथ में था. बहुत नहीं था ना?"

"बुखार?"

"बाजार के दिन. दाफी बोला, मम्मी, बुखार आया, इसलिए सर का गाड़ी वापस भेजा. उल्टी भी हुआ बोला."

 आता मी काय करायला हवं होतं? विचार करायला हवा होता. मी बोललो. ताप नव्हता, गाडीच आली नव्हती, दिवस मीच चुकलो, पोरगी तर सकाळपासून तयार होऊन बसली होती. सगळं एका दमात, मन मोकळं करून.

 पलीकडं दवाखान्यात कुठल्यातरी खोलीची घंटी वाजत होती.

"तो बुखार नहीं था."

"नहीं, ताई. माफ कीजिए."

"मेरे को झूठ बोला." आवाज चढला नाही. उलट बारीक झाला. "पहले कभी नहीं बोला था, सर." मग कुणीतरी तिला हाक मारली आणि फोन बंद झाला.

सोहेल डोक्याला हात लावून म्हणाला, "सर, गप बसायचं होतं की! त्या पोरीनं तुमाला वाचवलं, आन तुमी तिलाच अडकवलं."

"खरं सांगितलं रे मी."

"खरं सांगून काय झालं? आता तिला बोलणी बसणार."

मी श्रावणीकडं बघितलं. फोन लावायला तिनंच भाग पाडलं होतं. ती बाकावर नख घासत होती. मग मान वर न करता म्हणाली, "परत लावा, सर. सांगा, थोडा होता ताप म्हणून."

मी परत लावला. रिंग जात राहिली. मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि एकही पोर उठलं नाही.